सेनापतीचा रंग आणि शिपायाची घोंगडी

रोमन शिपायाचे चित्र काढावयास सांगितले, तर बहुतेक मुले त्याच्या पाठीवर लालभडक झगा सोडतात. आणि मावळ्याचे काढावयास सांगितले, तर त्यास भगवा फेटा व भगवी बंडी चढवितात. यात मुलांचा दोष नाही. क्रमिक पुस्तकांतील चित्रे, रंगभूमी आणि चित्रपट या तिघांनी मिळून प्रत्येक प्राचीन सैन्यास एकेक रंग नेमून दिला आहे, आणि तो इतक्या वेळा डोळ्यांपुढून गेला आहे की, त्याविषयी शंका घेणे हेच आता चमत्कारिक वाटू लागले आहे. तथापि जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते, तीच एकदा तपासून पाहावी, असा जुन्या पंडितांचा परिपाठ आहे. त्यास अनुसरून या महिन्यात आम्ही शिपायाच्या वस्त्राचा विचार करणार आहोत. पूर्वीच्या काळी शिपायाच्या खांद्यावर काय असे, त्याचा रंग कोणता असे, आणि तो रंग खरोखर कोणाचा असे, हे तीन प्रश्न वाचकांनी मनात धरावे.

प्रथम रोमकडे वळू. कारण त्या लोकांनी आपला जमाखर्च लिहून ठेविला, आणि त्यातील काही कागद वाळवंटाच्या कोरड्या हवेत दोन हजार वर्षे टिकले. रोम आम्हांपासून फार दूर, असेही मानण्याचे कारण नाही. आमच्या वरवट बकालच्या संग्रामपूर तालुक्यातच पूर्णाकाठी भोन म्हणून गाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या आरंभी उत्खनन केले, तेव्हा मौर्य-सातवाहन काळातील मोठी वस्ती व विटांचा स्तूप उघडकीस आला. त्याच सुमारास, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक ग्रंथात पैठण व तगर या दोन नगरांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथून साधे, जाडेभरडे कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोच बंदरास जात असे, असे तो लिहितो. भडोचहून पुढची वाट समुद्रावरून रोमच्या साम्राज्याकडे जाई. तात्पर्य, आमचे कोष्टी आणि रोमचे वस्त्रव्यापारी हे एकमेकांस अगदीच परके नव्हते.

रोमन शिपायाच्या खांद्यावर जे वस्त्र असे, त्याचे नाव सागुम. हे शिवलेले वस्त्र नव्हे. लोकरीचा एक जाड, चौकोनी तुकडा डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या खांद्यावर धातूच्या आकड्याने अडकवावयाचा, म्हणजे तलवारीचा हात मोकळा राहतो. दिवसा तोच झगा, रात्री तेच अंथरूण-पांघरूण, आणि पावसात तेच छप्पर. हे वर्णन वाचून आमच्या वाचकांपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले असेल, त्यांस एकच वस्तू आठवेल, ती म्हणजे घोंगडी. आणि ते आठवणे अगदी यथायोग्य आहे. नाव निराळे, देश निराळा. परंतु वस्तू एकच.

या वस्त्राचे रोमन मनात काय स्थान होते, हे त्यांच्या भाषेवरून कळते. शांततेच्या काळी रोमचा नागरिक टोगा नावाचे शुभ्र, घोळदार वस्त्र पांघरी. राज्यावर संकट आले म्हणजे नागरिक टोगा उतरवून सागुम अंगावर घेत. आणि म्हणून ‘सागुम घेणे’ याचा त्यांच्या भाषेत अर्थच ‘युद्धास सिद्ध होणे’ असा झाला. आपल्याकडे ‘कंबर कसणे’ या शब्दांत जसा कमरेचा शेला विसरला जाऊन निश्चय तेवढा उरला, तसेच हे आहे.

आता रंगाकडे येऊ. इ.स. १३८ सालचा, इजिप्त देशातील एक सरकारी हुकूम उपलब्ध आहे. फिलाडेल्फिया नावाच्या गावच्या विणकरांस त्यात कळविले आहे की, कॅपाडोशिया प्रांतातील फौजेकरिता एक पांढरा अंगरखा आणि चार पांढरे झगे विणून द्यावेत. प्रत्येक झगा सहा हात लांब, चार हात रुंद आणि वजनाने पावणेचार मिना असावा; किंमत झग्यामागे २४ द्राख्मा आगाऊ दिली आहे; लोकर मऊ, स्वच्छ आणि पांढरीशुभ्र असावी, तीत डाग नसावा, काठ नीट विणलेले असावेत. फौजेच्या रुग्णालयासाठी एक साधे पांघरूणही त्याच हुकमात मागविले आहे. येथे लाल रंगाचे नाव नाही. साम्राज्याची फौज आहे, सरकारी खर्चाने कापड विणले जात आहे, लांबी, रुंदी, वजन, किंमत सर्व काही नमूद आहे, आणि मागणी आहे ती पांढऱ्या लोकरीची. सीरियातील दूरा-युरोपोस येथे इ.स.च्या तिसऱ्या शतकातील एक भित्तिचित्र सापडले आहे. त्यात सैन्याचा अधिकारी आपल्या शिपायांसह देवापुढे उभा आहे, आणि या मंडळींचे अंगरखेही पांढरेच आहेत.

याचा अर्थ रोमच्या फौजेत लाल वस्त्र कोणी घालीतच नसे, असा मात्र वाचकांनी करू नये. चित्रांत लाल, निळे, तपकिरी असे नाना रंगांचे झगे आढळतात. मंजिष्ठेच्या मुळ्यांपासून निघणारा लाल रंग त्या देशात मुबलक होता व फार महागही नव्हता. आमचे म्हणणे इतकेच की, सर्व फौजेस, सर्व प्रांतांत, सर्व शतकांत एकच लाल रंग होता, या समजुतीस आधार नाही. ज्यास जे मिळे व जे परवडे, ते तो घाली. बहुतेकांस जे परवडे ते मेंढीच्या अंगच्याच रंगाचे असे.

परवडण्याचा प्रश्न येथे गौण नव्हे. मसादा हा ज्यू लोकांचा डोंगरी किल्ला रोमनांनी वेढा घालून जिंकला, त्या काळचा एका शिपायाच्या पगाराचा हिशेब तेथे सापडला आहे. शिपायाचे नाव गाइउस मेसिउस. एका हप्त्यास ५० दिनार पगार जमा. त्यातून जवाचे १६, जोड्यांचे ५, चामडी वाद्यांचे २, तागाच्या अंगरख्याचे ७ आणि शिवाय खाण्याचा खर्च, अशी वजावट होऊन त्या बिचाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. जगज्जेत्या सैन्याचा हा शिपाई आपल्या अंगरख्याचे पैसे स्वतः भरीत होता! ज्यास अंगरखाच इतका जड, तो किरमिजी रंगाची हौस कोठून करणार?

मग लाल रंग कोणाचा? तो सेनापतीचा. रोमन सेनापती मोहिमेस निघतेवेळी देवापुढे नवस बोलून पालुदामेंतुम नावाचा विशेष झगा धारण करी. प्लिनी हा ग्रंथकार सांगतो की, ओकच्या झाडावर मिळणारे किरमिजी रंगाचे जे दाणे, ते सेनापतींच्या झग्यांसाठी राखून ठेवलेले असत. हे दाणे वस्तुतः फळे नसून बारीक किडे होत, हे पुढे कळले. इ.स.पूर्व ५२ साली अलेसियाच्या वेढ्यात जुलियस सीझर स्वतः मदतीस धावून आला, तेव्हा त्याच्या वस्त्राच्या रंगावरूनच तो आल्याचे सर्वांनी ओळखले, असे त्याच्या युद्धवृत्तांतात नमूद आहे. वाचकांनी या एका वाक्याचा नीट विचार करावा. सर्वांचेच झगे त्या रंगाचे असते, तर त्या रंगावरून सीझर ओळखू कसा आला असता? तो रंग एकाच्या अंगावर होता आणि हजारोंच्या अंगावर नव्हता, म्हणूनच त्याचे मोल होते.

रंग हा असा मानाचा विषय असल्यामुळे त्यावरून रागलोभही होत. इ.स. ६९ च्या यादवीत सीसिना नावाचा सेनापती रंगीबेरंगी झगा व परदेशी विजार घालून इटलीतील नगरांतून फिरला, आणि टोगा घातलेल्या प्रतिष्ठित नागरिकांशी त्याच वेषात बोलला. तो त्यांस आपला अपमान वाटला, असे टॅसिटस लिहितो. ख्रिस्ती शुभवर्तमानांत येशूची थट्टा करण्यासाठी शिपायांनी त्याच्या अंगावर एक झगा घातल्याचा प्रसंग आहे. मत्तय तो झगा किरमिजी म्हणतो, मार्क व योहान जांभळा म्हणतात. रंगाविषयी एकवाक्यता नसली, तरी थट्टेचे मर्म एकच आहे. राजेपणाचा रंग दीनाच्या अंगावर घातला, म्हणजे तो हसण्याचा विषय होतो, अशी त्या शिपायांची समजूत होती.

आता आपल्या घरी येऊ. महाभारताच्या विराटपर्वात उत्तर गोग्रहणाच्या युद्धास निघतो, तेव्हा त्याची बहीण उत्तरा बृहन्नडेस सांगते की, कौरवांची सुंदर वस्त्रे आमच्या बाहुल्यांकरिता घेऊन ये. पुढे अर्जुनाने संमोहनास्त्राने कौरववीरांस निश्चेष्ट केले, आणि उत्तराने रथातून उतरून ती वस्त्रे गोळा केली. द्रोण व कृप यांची पांढरी, कर्णाची पिवळी, अश्वत्थामा व दुर्योधन यांची निळी. हा प्रसंग लहानपणी ऐकला नाही, असा आमच्या वाचकवर्गात क्वचितच कोणी असेल. परंतु त्यातील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. व्यासांनी पाच महारथींच्या वस्त्रांचे रंग सांगितले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या असंख्य पायदळाच्या वस्त्राचा रंग सांगितला नाही. बाहुल्यांस शोभतील अशी वस्त्रे त्या लोकांच्या अंगावर नव्हतीच, मग उत्तराने ती आणावी तरी कशास?

पायदळाच्या वस्त्राचा पत्ता काव्यात नाही, पण शास्त्रात लागतो. पाणिनीने ‘कंबल्य’ असा एक शब्द साधून दिला आहे, आणि वृत्तिकार त्याचा अर्थ शंभर पले लोकर असा देतात. अर्थात एका ठराविक कांबळ्यास किती लोकर लागते, याचे मापच बाजारात रूढ होते. इजिप्तच्या विणकरांस पावणेचार मिना वजन नेमून देणारा रोमन कारकून आणि हा शब्द साधणारा आपला वैयाकरण हे दोघे एकाच व्यवहाराकडे पाहत होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या वस्तूंची परीक्षा सांगताना लोकरी वस्त्रांची मोठी यादी दिली आहे. तीत नेपाळच्या काळ्या कांबळ्याचा उल्लेख आहे. आठ तुकडे जोडून केलेल्या त्या कांबळ्यास तो भिंगिसी म्हणतो, आणि ते पाऊस निवारण करणारे आहे, असा त्याचा गुण सांगतो. रत्ने, मोती, चंदन यांच्या प्रकरणातच पावसाचे कांबळे! राज्य चालविणाऱ्या त्या धोरणी पुरुषास कोरड्या अंगाची किंमत पुरती ठाऊक होती, असेच म्हटले पाहिजे.

हीच दृष्टी ठेवून मराठ्यांच्या फौजेकडे पाहिले म्हणजे भगव्या बंडीचे चित्र पुसट होऊ लागते. भगवा होता तो झेंडा. शिपायाच्या अंगास सरकारने नेमून दिलेला असा एकच रंग नव्हता. कृष्णाजी अनंत सभासदाने इ.स. १६९७ च्या सुमारास शिवछत्रपतींच्या फौजेची व्यवस्था वर्णिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद, पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्यास कूच, असा सर्व बंदोबस्त त्यात आहे. मोहिमेस निघताना प्रत्येकाच्या जवळच्या वस्तूंची यादी करावी आणि परत आल्यावर ती ताडून पाहावी, असाही नियम तो सांगतो. ज्याअर्थी प्रत्येकाची यादी निराळी करावी लागे, त्याअर्थी प्रत्येकाचे सामानही निराळे असे, हे उघड आहे. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणील तो शिलेदार. घोडा ज्याचा त्याचा, तेथे बंडीचा रंग कोण नेमून देणार?

इ.स. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफने या लोकांचा वेष थोडक्यात वर्णिला आहे. मावळ्यांची व हेटकऱ्यांची अर्ध्या मांडीपर्यंतची तोकडी चड्डी, कमरेस घट्ट आवळलेला लांब पट्टा, डोक्यास पागोटे, आणि कोणाकोणाच्या अंगात सुती अंगरखा. स्वारांची गुडघ्याखाली येणारी तंग विजार, कापूस भरून टाचलेला अंगरखा, पागोट्याचा एक फेरा हनुवटीखालून घेतलेला, आणि कमरेस शेला. हा कमरेचा शेलाच मावळा वेळप्रसंगी अंगावर पांघरी. या साऱ्या वर्णनात कापडाचा जाडपणा आहे, बांधणीचा घट्टपणा आहे, सोय आहे. रंगाचे नाव नाही. आमच्या वऱ्हाडी शेतकऱ्याने हे वाचले तर तो म्हणेल, “हा तर आमचाच आजा!”

आणि खांद्यावर घोंगडी. तिची कृती शहरातील मुलांस ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. धनगर मेंढ्यांची लोकर कातरतात. ती पिंजून चातीवर सूत काढतात. धनगर व सणगर विणकर ते मागावर विणतात आणि चिंचोक्यांची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. दख्खनी मेंढी बहुधा काळी. म्हणून घोंगडीही काळी, आणि तिला रंगाऱ्याचा हात लागत नाही. मेंढीच्या लोकरीत अंगचाच एक स्निग्ध पदार्थ असतो. लोकर फार धुतली नाही तर तो तीत राहतो आणि पाण्याचे थेंब सहजी मुरू देत नाही. शिवाय लोकर भिजली तरी तिची ऊब सगळी जात नाही. कापूस भिजला की उलट अंगाची ऊब ओढून घेतो. यामुळेच गुराखी, मेंढपाळ व शिपाई हे तिघे सर्व देशांत लोकरीसच शरण गेलेले दिसतात. घोंगडीचे एक टोक दुमडून डोक्यावर खोळ घेतली की पावसात उभे राहून पहारा करता येतो. रोमन शिपायापाशीही पावसाळी हवेसाठी टोपडे असलेला पेनुला नावाचा निराळा झगा असे. आमच्या शिपायास निराळे काही लागत नव्हते.

या साध्या वस्तूचे मोल कोणत्या वेळी कळते, हे पानिपताने दाखविले. इ.स. १७६०-६१ चा तो हिवाळा दक्षिणी फौजेने उत्तरेच्या उघड्या मैदानात काढला. १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. त्या दिवशी ओळखीच्या रंगाने केवढा घात केला, याविषयीही एक हकीकत सांगतात. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या पथकात काही पठाण चाकरीस होते. ते शत्रूपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांच्या डोक्यास भगवी फडकी बांधविली होती. विश्वासराव पडताच त्यांनी ती फडकी काढून फेकली आणि लूट आरंभिली. रंग बांधावयास क्षण लागतो, तसा फेकावयासही क्षणच लागतो. वस्त्राच्या रंगाने निष्ठा उत्पन्न होत नाही, हा त्याचा बोध.

आणि पराभवानंतर? नाना फडणीस त्या रणांतून वाचले, आणि अंगावरची वस्त्रे टाकून लंगोटीनिशी आपण कसे निसटलो, हे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात स्वतः लिहून ठेविले आहे. पुढे ज्यांच्या शब्दावर दौलत चालली, त्या पुरुषाची ही अवस्था. मग सामान्य शिपायाची काय कथा? भुकेने व थंडीने गांजलेले ते हजारो लोक भरतपूरच्या जाटांच्या मुलुखात पोहोचले, तेव्हा राजा सूरजमलाने त्यांस अन्न दिले, वस्त्र दिले आणि पुढे मार्गस्थ केले. युद्धापूर्वी ज्याच्याशी आपले बिनसले होते, त्या पुरुषाने हे केले. त्या वस्त्रांचा रंग कोणी लिहून ठेविला नाही. घेणाऱ्यांनी तो पाहिलाही नसेल.

पश्चिमेकडे याच जातीची एक कथा आहे. इ.स.च्या चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन शिपायाने आमिआं शहराच्या वेशीपाशी थंडीने काकडणाऱ्या भिकाऱ्यास पाहून आपला झगा तलवारीने मधोमध कापला व अर्धा त्यास दिला. पुढे तो संत म्हणून पूज्य झाला. लॅटिनमध्ये झग्यास ‘काप्पा’ म्हणत. ते झग्याचे वस्त्र ज्या लहान देवघरात ठेविले त्यास ‘कापेला’ म्हणू लागले, आणि त्यावरूनच इंग्रजीत लहान प्रार्थनामंदिरास चॅपेल हा शब्द आला. रोमन सेनापतींचे किरमिजी झगे काळाच्या उदरात गडप झाले. शिपायाच्या अर्ध्या झग्याचे नाव मात्र अद्याप मंदिरांवर आहे.

आता शेवटी आमच्या अगदी दाराशी घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या तालुक्यास लागूनच पूर्वेस अकोला जिल्ह्याचा तेल्हारा तालुका आहे. त्यात अडगाव हे गाव आहे. इंग्रजी इतिहासांत ज्यास अर्गाव म्हणतात, ते हेच. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथे नागपूरकर भोसल्यांची फौज व शिंद्यांचे स्वार एका बाजूस, आणि आर्थर वेलस्ली याची इंग्रज फौज दुसऱ्या बाजूस, अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व त्याने १८१५ मध्ये नेपोलियनचा पराभव केला. भोसल्यांच्या फौजेचा सरदार रघूजींचा बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू होता. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टन हेही त्या दिवशी वेलस्लीजवळ होते. दिवस कलल्यावर लढाई पेटली, आणि पराभूत फौजेचा पाठलाग चांदण्यात चालू राहिला. १५ डिसेंबरास गाविलगड पडला, १७ डिसेंबरास देवगावचा आणि ३० डिसेंबरास सुर्जी-अंजनगावचा तह झाला. एका महिन्यात वऱ्हाडचे भवितव्य फिरले.

या लढाईचे चित्र मनात आणताना आपण लाल डगले एका बाजूस उभे करतो आणि त्यांस ‘इंग्रज’ म्हणतो. इंग्लंडच्या फौजेत लाल डगला इ.स. १६४५ पासून सरसकट रूढ झाला. तेथेही गंमत अशी की, शिपायाचा डगला मंजिष्ठेने रंगविलेला, काहीसा विटकरी, आणि अधिकाऱ्याचा मात्र किरमिजी किड्याच्या रंगाचा, लखलखीत! प्लिनीच्या काळची पद्धत सोळाशे वर्षांनीही सुटली नव्हती. परंतु अडगावच्या रणात त्या लाल डगल्यांच्या आत होते कोण? गोऱ्या लोकांच्या पलटणी थोड्या. बाकीचे बहुतेक सारे मद्रासकडील हिंदी शिपाई. शिरसोली गावाजवळ तोफांचा मारा सुरू होताच यांतील काही पलटणी फुटून मागे पळाल्या. दोन महिन्यांपूर्वी असईच्या भयंकर रणात हेच शिपाई पाय रोवून उभे होते. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांस सावरले व पुन्हा रांगेत आणले. तसे झाले नसते तर तो दिवस हातचा जाता, असे त्यानेच लिहिले आहे. तेव्हा लाल डगला घातल्याने भय जात नाही, आणि देशही बदलत नाही. अडगावच्या मातीत पडलेल्यांपैकी बहुतेकांच्या आया, डगला कोणत्याही रंगाचा असो, याच देशातील भाषांत रडल्या असतील.

पुढे इ.स. १८४६ मध्ये पेशावरकडे उभारलेल्या गाइड्स पथकाने धुळीच्या रंगाचा वेष घेतला. ‘खाक’ म्हणजे फारसीत माती, त्यावरून तो खाकी. लाल डगल्याने शेवटची मोठी लढाई १८८५ च्या डिसेंबरात सुदानातील जिनिस येथे पाहिली. लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या, आणि दुरून दिसणे हे भूषण न राहता मरण ठरू लागले. तेव्हा सेनापतींसही उमगले की, रणात मातीत मिसळणारा रंगच बरा. आमच्या मेंढपाळास हे आरंभापासून ठाऊक होते. त्याची घोंगडी रात्रीच्या काळोखात वेगळी दिसतच नव्हती.

सारांश, आमचे म्हणणे असे. प्राचीन सैन्याचे जे झगमगीत रंग आपणांस दिसतात, ते बहुधा पुढाऱ्यांचे असतात, कारण चित्र पुढाऱ्यांचे काढले जाते आणि काव्य त्यांच्यावर रचले जाते. शिपायाची वस्तू आढळते ती हिशेबात, वजावटीत, विणकरास धाडलेल्या हुकमात, व्याकरणाच्या एखाद्या उदाहरणात. इतिहास वाचणाऱ्याने काव्याबरोबर हिशेबही वाचावा. जो हिशेब वाचील, त्यास पाच महारथींच्या मागे उभे असलेले लोक दिसू लागतील.

ज्या घरांत अद्याप एखादी जुनी घोंगडी माळ्यावर अथवा पेटीत पडून असेल, तेथील गृहिणींस आमची एक विनंती आहे. ती टोचते, तिला मेंढीचा वास येतो, हे सर्व खरे. तरी थंडीच्या एखाद्या रात्री घरातील मुलांनी ती अंगावर घेऊन अंगणात घटकाभर बसावे आणि थोरांनी त्यांस पानिपताची अथवा अडगावची हकीकत सांगावी. घोंगडी विणणारे हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. कोणी विणकर दारी आला, तर त्याच्याशी भावाची घासाघीस करण्यापूर्वी तिच्यात किती मेंढ्यांची लोकर व किती दिवसांचे श्रम आहेत, हे त्यास अवश्य विचारावे.